दुसऱ्याच्या कार्डावर आठ बुधवार

कॉलेजच्या फुटबॉल टीमकडून मी आठ मॅचेस दुसऱ्याच्या नावावर खेळलो आणि चार गोल घातले. ते चारही गोल आजतागायत त्याच्याच नावावर आहेत, आणि आता ते तिथेच राहावेत असं मला वाटतं. तेव्हा मात्र ह्या गोष्टीचा इतका संताप यायचा की बुधवारी घरी आलो की मी धाकट्या बहिणीशी उगाच भांडण उकरून काढायचो. तिला बिचारीला कारण कधीच कळलं नाही.

माझे वडील डॉक्टर. ऐंशीच्या दशकात भारतातून इंग्लंडमध्ये आलेल्या डॉक्टरांना सहा महिने इथे, वर्षभर तिथे अशा नोकऱ्या मिळायच्या. नोकरी बदलली की हॉस्पिटलचं घर बदलायचं आणि घराबरोबर आमची शाळा. प्रत्येक घरात आधीच्या डॉक्टरचे पडदे असायचे, त्याची पत्रं येत राहायची, एकदा तर स्वयंपाकघरात त्यांची हळदीची बरणी तशीच सापडली आणि आईने ती संपेपर्यंत वापरली. वॉर्डातले म्हातारे पेशंट बाबांना आधीच्या डॉक्टरच्या नावाने हाक मारायचे. बाबा दुरुस्त करत बसायचे नाहीत. "ब्लड प्रेशर तेच येतं," असं म्हणायचे. मला त्यांचा हा सोशिकपणा अजिबात आवडायचा नाही. मी असा होणार नाही, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

मी सतरा वर्षांचा असताना, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आम्ही मँचेस्टरला आलो. टर्म अर्धी उलटून गेली होती. नव्या कॉलेजात मला दाखल करून घेतलं, पण फुटबॉलच्या टीममध्ये नाही, आणि त्याला दोन नियम आडवे आले. पुढचं सगळं त्या दोन नियमांतून झालं, म्हणून ते सांगतो. एक, कॉलेज बदललं तर जुन्या कॉलेजने सही करून खेळाडूचं कार्ड सोडायचं. ते सोडेपर्यंत नव्या कॉलेजकडून लीगची मॅच खेळता येत नाही. माझं जुनं कॉलेज रुसून बसलं होतं. सीझनच्या मधेच लेफ्ट विंगचा खेळाडू, म्हणजे मी, सोडून गेला म्हणून त्यांनी "जानेवारीअखेर बघू" असं कळवलं. दुसरा नियम आमच्या कॉलेजचा. तिथे खेळाची स्कॉलरशिप होती आणि तिच्या जागा मोजून चौदा. लीगमध्ये त्या चौदाजणांनीच खेळायचं. पंधरावा कितीही चांगला असो, त्याने कुंपणाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

स्कॉलरशिपवाल्यांना ट्रॅकसूट मिळायचा, आठवड्यातून दोन दुपारी खास कोचिंग मिळायचं, पण मला हवं होतं ते पत्र. वर्षाच्या शेवटी कोच त्या चौदाजणांसाठी युनिव्हर्सिट्यांना पत्रं लिहायचा. मला मेडिकलला जायचं नव्हतं. हे घरी सांगायला माझ्या हातात काहीतरी कागद हवा होता, नुसत्या तोंडच्या बोलण्याला आमच्याकडे किंमत नव्हती. ते पत्र मिळालं नाही तर मी बाबांसारखा स्टेथोस्कोप गळ्यात घालून दर सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या पडद्यांमागे राहायला जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

कोच वेल्सचा होता. बुटका, लालबुंद, कायम घाईत. खेळाडूंची कार्डं तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. प्रॅक्टिसमध्ये दोनदा मला बघितल्यावर तो मला त्याच्या खोलीत घेऊन गेला आणि डब्यातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"हा हाफ-टर्मच्या सुट्टीनंतर परत आलेला नाही," तो म्हणाला. "तुझे कागद येईपर्यंत ह्याच्यावर खेळ."

"गेला कुठे?"

"गेला असेल कुठेतरी. पोरं सोडतात. नाव काढायचं तर कमिटीला लिहावं लागेल, मग जागाच रद्द करतील ते. राहू दे."

कार्डावरचं आडनाव मी पुन्हा एकदा वाचलं. ते मराठी होतं, आमच्यासारखंच 'कर'ने संपणारं. एवढ्या मोठ्या कॉलेजात आणखी एक मराठी मुलगा होता आणि मी यायच्या दहा दिवस आधी तो नाहीसा झाला होता. फोटोतला मुलगा माझ्यासारखा मुळीच दिसत नव्हता. चेहरा गोल, नाक बसकं, केस कपाळावर आलेले, आणि बूथमधला फ्लॅश पडताना मिटत आलेले डोळे.

"सर, हा माझ्यासारखा दिसत नाही."

कोचने फोटो उचलला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. "मला तर फरक दिसत नाही," तो म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता. हेच मला जास्त लागलं.

त्या लीगमध्ये मॅचच्या आधी रेफरी आम्हाला रांगेत उभं करायचा. कार्ड उघडायचा, नाव वाचायचा, मुलाने "यस, रेफ" म्हणायचं, रेफरी चेहरा बघायचा आणि पुढच्याकडे सरकायचा. कोचने मला दोनच गोष्टी बजावल्या होत्या: लगेच म्हण आणि मोठ्याने म्हण. पहिल्या बुधवारी मी रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहिलो. रेफरीने ते नाव वाचलं. वाचलं म्हणजे त्याची पार मोडतोड केली. मी म्हणालो, "यस, रेफ." त्याने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. आठही बुधवारी, आठ वेगवेगळ्या माणसांनी असंच केलं. एकाने तर "फोटो छान आलाय" असंही म्हटलं.

चेंजिंग रूममधला त्याचा हुकही मलाच मिळाला, कारण तेवढाच मोकळा होता. म्हणजे अगदी मोकळा नव्हता. त्याखालच्या फळीवर त्याचे शिनपॅड्स होते, एक सुकून काळं पडलेलं संत्रं होतं आणि त्याचे बूट. माझे बूट फाटायला आले होते. त्याचे घालून बघितले तर बरोबर बसले. टाचेकडे आतल्या बाजूला त्याच्या पायाने केलेला खळगा होता, आणि चार दिवसांत माझी टाच तिथे रुळली. टीममधली मुलं आधी गंमत म्हणून मला त्याच्या नावाने हाक मारायची. मग मॅचमध्ये रेफरीसमोर चूक व्हायला नको म्हणून प्रॅक्टिसमध्येही मारायला लागली. डिसेंबर उजाडेपर्यंत गंमत वगैरे काही उरली नव्हती. लायब्ररीतल्या बाईंनी मला थांबवून त्याने नेलेलं भूगोलाचं पुस्तक परत मागितलं. मी "पुढच्या आठवड्यात आणतो" म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

त्याच्याबद्दल मी मुलांना विचारायचो. उत्तरं चमत्कारिक यायची. गप्प असायचा, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पण कुणी म्हणे उंच होता, कुणी म्हणे माझ्याएवढाच. गोलकीपर म्हणाला, "तुझ्यासारखाच होता," आणि मग जरा थांबून, "म्हणजे, तूच नाहीस ना तो?" सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना बसच्या काचेत मी माझं नाक नीट बघून घेतलं.

दुसऱ्या मॅचमध्ये मी गोल घातला. शुक्रवारी आमच्या भागातला साप्ताहिक पेपर यायचा, त्यात मागच्या पानावर कॉलेज लीगचे निकाल आणि गोल घालणाऱ्यांची नावं असायची. मी न्यूजएजंटच्या दुकानात उभ्याउभ्याच पान उघडलं. त्याचं नाव होतं. स्पेलिंगसुद्धा बरोबर छापलं होतं, जे माझ्या नावाच्या बाबतीत कधीच झालेलं नाही. इंग्लंडमध्ये आल्यापासूनचं माझं सगळ्यात मोठं कर्तृत्व, आणि घरी दाखवायची सोय नाही. आईबाबांना मी सांगितलं होतं की कागद येईपर्यंत मी नुसता प्रॅक्टिसला जातो. तरी मी ते कात्रण कापून केमिस्ट्रीच्या वहीत ठेवलं. चौथ्या गोलपर्यंत चार कात्रणं झाली.

पहिल्या गोलनंतरच्या बुधवारपासूनच ती बाई यायला लागली होती.

आमचं ग्राउंड कॉलेजच्या मागे, कॅनॉलच्या कडेला होतं. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे दोन वाजल्यापासून धुकं उतरायचं. प्रेक्षक म्हणजे चार-पाच बाप आणि एखादा कुत्रा, सगळे आमच्या बाजूला. ती मात्र पलीकडच्या टोकाला, कॉर्नर फ्लॅगच्याही मागे, झाडांजवळ उभी राहायची. राखाडी कोट, डोक्याला स्कार्फ, कोटाखाली साडीचा काठ. हलायची नाही. कुणी गोल केला तरी टाळ्या वाजवायची नाही. मी त्या बाजूने बॉल घेऊन गेलो की मात्र दोन पावलं मागे सरकायची. एकदा थ्रो-इन घ्यायला मी तिच्यापासून वीसेक यार्डांवर गेलो, तर ती झाडांच्या मागे जाऊन उभी राहिली. शिट्टी वाजायच्या आत निघून जायची. मी मुलांना विचारलं, ती कुणाची आई? ते म्हणाले, कोण? बघितलं तर खरंच तिथे कोणी नव्हतं.

डिसेंबरातल्या शेवटच्या मॅचमध्ये धुकं इतकं होतं की एका गोलपाशी उभं राहून दुसरा दिसत नव्हता. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या टीमचा बॅक धावत रेफरीकडे गेला आणि म्हणाला, ह्यांचा एक माणूस जास्त आहे. रेफरीने खेळ थांबवला. आम्हाला मैदानाच्या मधल्या वर्तुळात बोलावून मोजलं. अकरा. त्याने पुन्हा मोजलं, बोट लावून. अकरा. तो बॅक ऐकेना. "लेफ्टला दोघे आहेत," तो माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, "हा माझ्या समोर होता आणि दुसरा माझ्या मागून गेला. दोघेही अकरा नंबर." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं. धुक्यात एकच माणूस दोनदा मोजला जाऊ शकतो, असं मी स्वतःला समजावलं. पण मॅच परत सुरू झाल्यावर मी लेफ्टला गेलोच नाही. उरलेली वीस मिनिटं मधेच घोटाळत राहिलो आणि कोचच्या शिव्या खाल्ल्या.

जानेवारीत संक्रांत आली. मँचेस्टरच्या आसपासच्या मराठी बायकांचं हळदीकुंकू एका डॉक्टरांच्या घरी रविवारी दुपारी होतं. आई नवीन असल्यामुळे मुद्दाम गेली. परत आली ती वाणाची प्लॅस्टिकची चाळणी आणि भरपूर बातम्या घेऊन. मी टेबलाशी बसून केमिस्ट्री करत होतो, म्हणजे वही उघडी होती.

"अरे, तुझ्या कॉलेजात एक आपला मुलगा आहे म्हणे," आई कोट काढता काढता म्हणाली. "तू बोलला नाहीस कधी?"

मी मान वर केली नाही.

"त्याची आई आली होती आज. मिडवाइफ आहे. काय सांगू तुला, मला इतकं वाईट वाटलं! मुलगा ऑक्टोबरमध्ये वडिलांशी भांडून घर सोडून गेला. कुठे राहतो, काय खातो, कुणाला पत्ता नाही. वडिलांनी तर अंथरूणच धरलंय. पण कॉलेजला जातो. बुधवारी फुटबॉल खेळतो. पेपरात नाव येतं ना त्याचं. त्या बाई पर्समध्ये कात्रणं ठेवतात, सगळ्यांना दाखवत होत्या."

माझी बोटं वहीवर होती, आणि वहीच्या आत तीच कात्रणं होती.

"मग जाऊन भेटत का नाहीत त्याला?" बहिणीने विचारलं.

"जातात की. दर बुधवारी हाफ डे घेऊन जातात. पण लांबूनच बघतात. म्हणाल्या, जवळ गेले आणि तो आणखी कुठे निघून गेला तर? दिसतोय तेवढा दिसू दे." आईचे डोळे भरून आले. मग तिने पर्समधून कागदी रुमालात बांधलेली पुडी काढली. "हे घे. त्याला द्यायला दिलाय तिळगूळ. म्हणाल्या, तुमच्या मुलाच्या हातून दिला तर घेईल तो. आईने दिलाय एवढंच सांग, बाकी काही बोलू नकोस."

मी पुडी घेतली. दुसरं काय करणार होतो? त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. माझी जागाही संपली असती, हे माझ्या डोक्यात आधी आलं आणि त्या बाईंचा विचार नंतर. हे मला लपवायचं नाही. मी सतरा वर्षांचा होतो ही सबब आहे, पण पुरेशी नाही.

सोमवारी मी ती पुडी त्याच्या हुकखालच्या फळीवर ठेवली. माझ्या दृष्टीने मी ती पोचती केली. बुधवारी बघितलं तर पुडी नव्हती. क्लीनरने टाकली असणार. फळीवर चार-पाच तीळ सांडलेले होते, ते मी बोटाने टिपून काढले आणि कुठे टाकावेत हे न सुचून खिशात घातले.

त्या बुधवारी मी ठरवून टाकलं होतं. मॅच संपायच्या आधीच, बॉल दुसऱ्या बाजूला असताना, मी सरळ झाडांकडे चालायला लागलो. ती मला बघत होती. मी जवळ जायला लागलो तशी ती मागे सरकू लागली, पाठ न वळवता. मी थांबलो की थांबायची. मी चालायला लागलो की पुन्हा मागे. आमच्यात जेवढं अंतर होतं तेवढंच राहत होतं. "काकू!" मी हाक मारली. मराठीतून. तिने दोन्ही हात वर केले आणि तळवे माझ्याकडे करून जोरजोरात हलवले, नको, नको. मग कॅनॉलकडच्या फाटकातून बाहेर पडली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. मागून कोच ओरडत होता, अर्थात त्याच्या नावाने.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझं कार्ड आलं. जुन्या कॉलेजने शेवटी सही केली होती. कोचने मला खोलीत बोलावलं. त्याच्यासमोर स्कॉलरशिपची यादी होती, उरलेल्या वर्षासाठी ती शुक्रवारी कमिटीकडे जायची होती.

"चौदा जागा," कोच म्हणाला. "तो किंवा तू. दोघं नाही बसत. पत्र ज्याचं नाव यादीत त्यालाच."

"तो परत आला तर?"

"आलाय का?"

मी म्हणालो, नाही. त्याने पेन माझ्याकडे सरकवलं. नाव त्यानेच खोडलं, पण त्यावर माझं नाव मी माझ्या हाताने लिहिलं, मोठ्या अक्षरात, स्पेलिंग चुकायला नको म्हणून. बाहेर आलो तेव्हा मला आनंद झाला होता. खरंच झाला होता. तीन महिने कुणीतरी माझ्या अंगावर बसलेलं होतं आणि ते उतरलं असं वाटलं.

पुढच्या बुधवारी रेफरीने माझं नाव वाचलं आणि मला कळलंच नाही. शेजारच्याने कोपर मारल्यावर मी उत्तर दिलं. खेळलोही भिकार. झाडांजवळ कुणी नव्हतं. मग मला पेपर आठवला. गोल नसेल त्या शुक्रवारी त्याचं नाव आधीही नसायचं, पण आता ह्या शुक्रवारी नसणार. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी नसणार. त्या घरात ते पान उघडलं जाणार.

आधी पुढचं सांगून टाकतो. त्या मुलाचा शोध पुन्हा सुरू झाला, एवढं मला माहीत आहे. तो सापडला की नाही, ते माहीत नाही. ऑगस्टमध्ये बाबांची नोकरी बदलली, आम्ही दुसरीकडे गेलो आणि विचारायची मला हिंमत झाली नाही. कोचने माझं पत्र लिहिलं, चांगलं लिहिलं, आणि मी डॉक्टर झालो नाही. कोचशी त्या कार्डाबद्दल मी कधी बोललो नाही, त्यानेही विषय काढला नाही. आईला मी सगळं सांगितलं ते नव्वदच्या दशकात, माझ्या लग्नानंतर. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिळगूळ दिलास ना पण?"

फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. पत्ता त्याच्या कार्डावर होता, तीन महिन्यांत मला तो पाठ झाला होता. दोन बस बदलून जावं लागलं. लाल विटांच्या घरांची एक लांबलचक रांग, समोर रस्त्यावर मुलं खेळत होती. बेल वाजवल्यावर त्यांनीच दार उघडलं. अंगावर युनिफॉर्म, बहुधा ड्यूटीवर निघाल्या होत्या. एवढ्या जवळून मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"काकू, मी..."

"माहितेय मला तू कोण आहेस," त्या म्हणाल्या. "हळू बोल. हे वर झोपलेत."

त्यांनी दार मागे अर्धवट ओढून घेतलं आणि आम्ही उंबऱ्यावरच उभे राहिलो. मी पाठ करून आणलेलं सगळं एका दमात बोललो: कार्ड, दोन नियम, चौदा जागा, सॉरी. सॉरी बहुतेक चार-पाच वेळा झालं. त्या ऐकत होत्या, पण नवीन काही ऐकल्यासारखं चेहऱ्यावर काही नव्हतं.

"मला तिसऱ्याच बुधवारी कळलं," त्या म्हणाल्या. "तू पळताना खाली बघतोस. तो नाही बघत."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"तू सांगितलंस?"

त्यांनी मागचं दार आणखी थोडं ओढून घेतलं.

"पहिल्यांदा पेपरात नाव आलं ना, त्या फ्रायडेला ह्यांनीच पोलीस स्टेशनला रिंग केली," त्या म्हणाल्या. "आमचा मुलगा सापडला, थँक यू व्हेरी मच. पोलिसांनी कॉलेजला चेक केलं. ऑफिसातल्या बाईने टीमशीट बघून सांगितलं, हो, बुधवारी खेळला की. झालं, केस क्लोज्ड. आणि त्या दिवशी हे पंधरा दिवसांनी जेवले. वरणभात, दोनदा मागून घेतला. मी काय सांगायचं होतं त्यांना? दर बुधवारी मला विचारायचे, कसा दिसतो, बारीक झालाय का. मी तुला बघून सांगायची."

"पण काकू, मग शोधायचं..."

"थांबलं," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरपासून कोणी शोधलं नाही त्याला. मी पण नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"काल परत पेपरात नाव नव्हतं. ह्यांनी विचारलं, का नाही. मी म्हटलं, पाय मुरगळला असेल. किती फ्रायडे सांगणार?"

"मी सांगतो काकांना," मी म्हणालो. "मी आत्ता सांगतो."

माझा आवाज मोठा झाला असावा. वरच्या खोलीत कॉट करकरली. जमिनीवर काहीतरी पडलं. मग जिन्याच्या वरच्या टोकाकडून एका माणसाचा घोगरा आवाज आला. त्याने नाव घेतलं. मुलाचं नाव, अख्खं, कार्डावर होतं तसं, पण रेफरीच्या तोंडात व्हायचं तसं मोडकं नाही. पहिल्यांदाच मी ते नाव नीट उच्चारलेलं ऐकत होतो.

आणि मी "यस" म्हणालो. लगेच म्हणालो आणि मोठ्याने म्हणालो.

काकूंनी माझ्या तोंडावर हात ठेवला, पण तो उशिरा. वर एक क्षण काहीच आवाज आला नाही. मग जिन्यावर पावलं वाजायला लागली. ऑक्टोबरपासून ज्याने अंथरूण धरलं होतं तो माणूस भिंतीला हात घासत भराभरा खाली आला. अनवाणी, अंगात बनियन आणि वरून बटणं न लावलेला स्वेटर. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे.

"कुठाय?"

"काका, मीच बोललो. मी..."

"तुला नाही विचारलं. मी त्याला हाक मारली," ते म्हणाले. "त्याने ओ दिली. मी ऐकलं."

मला बाजूला सारून ते तसेच बाहेर फुटपाथवर गेले आणि त्याचं नाव घेत रस्त्याने चालायला लागले, मग धावायला लागले. खेळणारी मुलं खेळ थांबवून बघत राहिली. काकूंनी दारामागचा कोट ओढला, काकांच्या चपला उचलल्या आणि त्यांच्या मागे धावल्या. मला वाटलं, त्या त्यांना परत बोलावतील. त्याही मुलालाच हाका मारत होत्या.